अमेरिकेंतील उठाव आणि पुणें दरबार (इ. स. १७७३ ते १७८३)

इंग्रज व मराठे यांच्यामधील पहिल्या युद्धाचा विचार आपल्याकडे बहुधा घरच्या कलहापासून सुरू होतो. नारायणराव पेशव्यांचा खून, राघोबादादांची पेशवेपदाची हांव, बारभाईंचें कारस्थान आणि साष्टीवर खिळलेली मुंबईकर इंग्रजांची नजर, ही परंपरा खरी आहे व ती सोडून त्या युद्धाची संगति लागणार नाहीं. परंतु ज्या दहा वर्षांत हें सर्व घडलें, त्याच दहा वर्षांत अटलांटिक महासागरापलीकडे इंग्रजांच्या तेरा वसाहतींनीं आपल्या राजाविरुद्ध शस्त्र उपसलें, फ्रान्स, स्पेन व हॉलंड हीं राष्ट्रें क्रमानें त्या युद्धांत ओढलीं गेलीं, आणि अखेरीस अमेरिकेंत एक नवें स्वतंत्र राष्ट्र उभें राहिलें. हीं दोन प्रकरणें केवळ समकालीन नाहींत. त्यांचे धागे एकमेकांत गुंतलेले आहेत. पुण्यास आलेला एक फ्रेंच वकील, आपल्या खानदेशांतून सुरतेस गेलेली एक इंग्रजी फौज, आणि सालबाईच्या तहांतील एक कलम, या तीन गोष्टी त्या गुंत्यांतील ठळक गांठी होत. त्या उकलून दाखविणें व या काळचे मोडी कागद ज्यांच्या संग्रहीं आहेत त्यांस त्याचा काय उपयोग, हें सांगणें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

१. एका पार्लमेंटचे दोन कायदे

इ. स. १७७२ च्या सुमारास ईस्ट इंडिया कुंपणी कर्जांत बुडाली होती. बंगालची दिवाणी हातीं येऊनही १७६९-७० च्या भयंकर दुष्काळानें तो प्रांत ओसाड पडला होता, फौजेचा खर्च वाढला होता, आणि लंडनच्या वखारींत चहाचे ढीग विक्रीवांचून पडून होते. कुंपणीनें सरकारापुढें हात पसरला. सरकारनें तिला चौदा लक्ष पौंडांचें कर्ज दिलें. पण त्याबरोबर १७७३ सालीं दोन कायदेही केले. एका कायद्यानें कुंपणीस आपला चहा परस्पर अमेरिकेंतील वसाहतींत नेऊन विकण्याची सवलत मिळाली. दुसऱ्यानें, म्हणजे नियामक कायद्यानें, कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलास व त्याच्या कौन्सिलास मद्रास व मुंबई या इलाख्यांच्या युद्धतहाच्या बाबतींत वरिष्ठ अधिकार मिळाला.

पहिल्या कायद्याचें फळ १६ डिसेंबर १७७३ रोजीं बोस्टन बंदरांत दिसलें. आमच्या संमतीवांचून बसविलेला कर आम्ही देणार नाहीं, असें म्हणणाऱ्या तेथील लोकांनीं रात्रीं जहाजांवर चढून चहाच्या ३४२ पेट्या समुद्रांत फेंकल्या. त्या पेट्या ईस्ट इंडिया कुंपणीच्याच होत्या. पुढें १९ एप्रिल १७७५ रोजीं लेक्सिंग्टन येथें पहिली गोळी सुटली आणि ४ जुलै १७७६ रोजीं वसाहतींनीं स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला.

दुसऱ्या कायद्याचें फळ आपल्याकडे दिसलें. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणरावांचा खून झाला. १८ एप्रिल १७७४ रोजीं पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला. आणि पदच्युत राघोबादादांनीं मार्च १७७५ मध्यें सुरतेस मुंबईकरांशीं तह करून साष्टी व वसई देऊं केली. त्या तहावर १८ मे १७७५ रोजीं अडासची लढाईही झाली. परंतु कलकत्त्याच्या कौन्सिलानें नव्या कायद्याचा आधार घेऊन हा तह बेकायदा ठरविला, कर्नल अप्टन यास परस्पर पुण्यास पाठविलें, आणि १ मार्च १७७६ रोजीं पुरंदरचा तह झाला. बोस्टनचा चहा व पुरंदरचा तह यांची उत्पत्ति अशी एकाच वर्षाच्या एकाच कारभारांतून आहे. उंबरठ्यावरील दिवा आंत व बाहेर दोहोंकडे उजेड पाडतो, त्यास आपले शास्त्रकार देहलीदीपन्याय म्हणतात. १७७३ सालच्या या कायद्यांस तो न्याय अक्षरशः लागू पडतो. मात्र येथें उजेडाऐवजीं दोहोंकडे ठिणग्याच पडल्या.

२. सेंट लुबिनची वकिली

पुरंदरचा तह कागदावर राहिला. तहाप्रमाणें राघोबादादांनीं फौज मोडून कोपरगांवीं स्वस्थ बसावयाचें होतें. मुंबईकरांनीं त्यांस आश्रय दिला. नाना फडणिसांनीं वारंवार तक्रार केली, पण मुंबईकर दाद देईनात. अशा वेळीं मार्च १७७७ मध्यें चौल बंदरांत एक फ्रेंच जहाज लागलें व त्यांतून सेंट लुबिन नांवाचा गृहस्थ उतरला. हा मनुष्य दक्षिण हिंदुस्थानांत पूर्वीं वावरलेला होता. आपण फ्रान्सच्या राजाचे वकील आहों, असें सांगून तो पुण्यास आला, व नानांनीं त्याचा राजवकिलास साजेसा सत्कार केला. त्याचें बोलणें मोठें होतें. अडीच हजार गोरे शिपाई आणूं, दहा हजार देशी शिपाई कवाइतीस तयार करूं, तोफा व दारूगोळा हवा तितका पुरवूं, असें तो म्हणे. त्याच्या बदल्यांत चौल बंदर फ्रेंचांस मिळणार, ही बातमी मुंबईस पोंचली, आणि पुण्यांतील इंग्रज वकील मॉस्टिन यानें आपल्या वरिष्ठांकडे सावधगिरीचे इशारे धाडण्यास आरंभ केला.

येथें अमेरिकेकडे पाहिल्यावांचून या प्रकरणाचा अर्थ उमगत नाहीं. १७७७ सालीं फ्रान्सनें इंग्लंडशीं उघड युद्ध पुकारलें नव्हतें. सप्तवार्षिक युद्धांत, १७६३ च्या तहानें, कानडा व हिंदुस्थानांतील वजन गमावल्याचें शल्य मात्र त्याच्या मनांत होतें. म्हणून फ्रान्सचे मंत्री या वेळीं दुहेरी नीति चालवीत होते. एका खासगी व्यापारी पेढीच्या नांवाआडून ते अमेरिकन बंडवाल्यांस बंदुका व दारू चोरून पुरवीत होते. आणि त्याच वेळीं पुण्यास सेंट लुबिन चांचपणी करीत होता. दोहों ठिकाणीं रीत एकच: स्वतः दूर राहून इंग्रजांच्या शत्रूस हात द्यावयाचा, आणि त्या शत्रूचा दम किती आहे तें पाहून मग उघड व्हावयाचें.

नाना फसले कीं नानांनीं फसविलें, हा प्रश्न यांतून उद्भवतो. कांहीं लेखकांनीं सेंट लुबिन हा भोंदू होता व नाना त्याच्या थापांस भुलले असें लिहिलें आहे. प्रस्तुत लेखकाचें मत निराळें आहे. नानांनीं फ्रेंचांस एकही किल्ला दिला नाहीं, सेंट लुबिनला भरवशाचें काम सांगितलें नाहीं, आणि प्रसंग आला तेव्हां १७७८ च्या मध्यास त्यास निरोप देण्यास अनमानही केला नाहीं. ज्यास सोंगटी म्हणून पटावर ठेवलें होतें, तिचें काम झाल्यावर ती उचलून घेतली. इंग्रजांनीं पुरंदरचा तह पाळावा यासाठीं त्यांस भीति दाखविणें, हाच नानांचा उद्देश दिसतो. पण भीति दाखविण्याच्या नीतींत एक दोष असतो. ज्यास भिववावयाचें तो आपल्या अपेक्षेपेक्षां अधिक भ्याला, तर तो माघार घेण्याऐवजीं आधींच चाल करून येतो. नेमकें तेंच येथें घडलें.

३. साराटोगाची बातमी आणि कालपीची फौज

१७ ऑक्टोबर १७७७ रोजीं साराटोगा येथें जनरल बर्गाइन यानें सुमारें सहा हजार फौजेनिशीं अमेरिकनांपुढें शस्त्रें ठेविलीं. हा विजय पाहून फ्रान्सचा संशय फिटला, आणि ६ फेब्रुवारी १७७८ रोजीं त्यानें अमेरिकेशीं उघड तह केला. इंग्लंड व फ्रान्स यांचें युद्ध जुंपल्याची बातमी मिसर देशांतून ७ जुलै १७७८ रोजीं कलकत्त्यास आली. तीन दिवसांच्या आंत इंग्रजांनीं चंद्रनगर घेतलें व ऑक्टोबरांत पुदुचेरी घेतली.

बर्गाइनच्या पराभवाची वार्ता कलकत्त्यास आली तेव्हां वॉरन हेस्टिंग्स यानें आपल्या कौन्सिलापुढें जो अभिप्राय मांडला त्याचा भावार्थ असा, कीं पश्चिमेकडे इंग्रजी सत्तेस एवढा धक्का बसला असेल, तर पूर्वेकडील अधिकाऱ्यांनीं ती हानि येथें भरून काढण्याची अधिकच शिकस्त केली पाहिजे. हा अभिप्राय मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकानें विसरूं नये. अमेरिकेंतील पराभवामुळें इंग्रज हिंदुस्थानांत नरमतील असें वरवर पाहणारास वाटेल. हेस्टिंग्सनें त्याच पराभवावरून उलट अनुमान काढलें.

त्यापूर्वींच, फ्रेंच कारस्थानाच्या धास्तीनें, त्यानें मुंबईच्या मदतीस बंगालची फौज खुष्कीच्या मार्गानें पाठविण्याचें ठरविलें होतें. कर्नल लेस्ली याच्या हाताखालीं देशी शिपायांच्या सहा पलटणी, घोडदळ व तोफखाना अशी साडेसहा हजारांच्या घरांतील फौज, आणि तिच्या कित्येक पट बुणगे, मे १७७८ मध्यें कालपीजवळ यमुना उतरले. बंगालपासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत मराठी मुलुख आडवा चिरून इंग्रजी फौज नेण्याचा हा पहिलाच प्रसंग. लेस्ली बुंदेलखंडांत रेंगाळला व ऑक्टोबरांत मरण पावला. त्याच्या जागीं कर्नल गॉडर्ड, म्हणजे आपल्या कागदांतील ‘गाडर’, आला. भोपाळच्या नबाबाचें साह्य आणि नागपूरकर मुधोजी भोसल्यांचा अविरोध यांच्या बळावर तो हुशंगाबादेजवळ नर्मदेस पोंचला व ती उतरून पुढें निघाला.

४. वडगांव आणि साराटोगा

गॉडर्ड वाटेंत असतांनाच मुंबईकरांनीं उतावळेपणा केला. कलकत्त्याची फौज येण्यापूर्वींच यश आपल्या पदरीं पडावें म्हणून त्यांनीं राघोबादादांस बरोबर घेऊन सुमारें चार हजार फौज व १९,००० बैलांचें ओझें यांसह बोरघाट चढला. ४ जानेवारी १७७९ रोजीं कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला, तोच आपल्याकडील ‘इष्टुर फांकडा’. तळेगांवास पोंचल्यावर दाणावैरण तुटली, इंग्रज मागें फिरले, आणि वडगांव येथें महादजी शिंदे व तुकोजी होळकर यांच्या फौजांनीं त्यांस कोंडलें. जानेवारीच्या मध्यास वडगांवचा करार झाला. साष्टी वगैरे घेतलेला मुलुख परत करावा, बंगालची फौज परत फिरवावी, आणि फार्मर व स्टुअर्ट (हा दुसरा स्टुअर्ट) या दोघांस ओलीस ठेवावें, अशीं त्यांतील मुख्य कलमें होतीं.

साराटोगा व वडगांव या दोन प्रसंगांत सव्वा वर्षाचें अंतर आहे, आणि त्यांची तुलना उद्बोधक आहे. दोन्ही ठिकाणीं परक्या मुलुखांत खोल शिरलेली इंग्रजी फौज रसद तुटून कोंडली गेली व तिनें करार करून सुटका मागितली. साराटोगाच्या कराराप्रमाणें शरण आलेल्या शिपायांस, पुन्हा अमेरिकेंत लढणार नाहीं या अटीवर, स्वदेशीं जाऊं द्यावयाचें होतें. परंतु अमेरिकन काँग्रेसनें तो करार मंजूर केला नाहीं व शिपायांस अडकवून ठेविलें. वडगांवास उलट झालें. जेत्यांनीं फौज सोडून दिली, आणि जितांनीं करार नाकारला. मुंबईकरांनीं व कलकत्तेकरांनीं, आमच्या अधिकाऱ्यांस असा करार करण्याचा अधिकारच नव्हता, असें म्हणून हात झटकले. अमेरिकनांचें वर्तन वचनभंगाचें होतें व मराठ्यांचें उदार होतें, हें नीतीच्या दृष्टीनें खरें. पण परिणाम पाहतां साराटोगाच्या फौजेपैकीं बहुतेक शिपाई पुन्हा रणांगणावर आले नाहींत, आणि वडगांवची फौज मुंबईस सुखरूप पोंचली. साराटोगानंतर फ्रान्स अमेरिकेच्या बाजूस उघड उभा राहिला; वडगांवानंतर पुण्याच्या बाजूस कोणी आलें नाहीं, कारण तोंपर्यंत फ्रेंचांचीं हिंदुस्थानांतील ठाणीं बहुतेक इंग्रजांच्या हातीं गेलीं होतीं.

५. गाडर खानदेशांतून जातो

वडगांवची वार्ता कानीं येत असतां गॉडर्ड ३० जानेवारी १७७९ रोजीं बऱ्हाणपुरास पोंचला. तेथें आठवडाभर थांबून, मराठ्यांची फौज आपणांस गांठण्यापूर्वीं किनारा गांठावा या विचारानें, त्यानें ६ फेब्रुवारीस कूच केलें व सुमारें तीनशें मैलांची मजल तीन आठवड्यांच्या आंत मारून फेब्रुवारीच्या अखेरीस सुरत गांठली. जे काय घ्यावयाचें तें रोख पैसा देऊन घ्यावें व रयतेस उपसर्ग लावूं नये, अशी त्याची शिस्त असल्यानें गांवें उठून गेलीं नाहींत व धान्य मिळत गेलें. मुंबईच्या फौजेचा घात रसदीनें झाला. गॉडर्डचा बचावही रसदीनेंच झाला.

बऱ्हाणपूर ते सुरत हा तापीखोऱ्यांतील मार्ग आपल्यास नवा नाहीं. सतराव्या शतकांत टॅव्हर्निए या फ्रेंच जवाहिऱ्यानें सुरतेहून बऱ्हाणपुरास जातांना जे टप्पे दिले आहेत त्यांत नवापूर, नंदुरबार, थाळनेर व चोपडें हीं ठिकाणें आहेत. त्याहीपूर्वीं १६१० सालीं विल्यम फिंच या इंग्रजानें याच वाटेनें येऊन नंदुरबार पाहिलें होतें. १६६६ सालीं इंग्रजांनीं नंदुरबारास वखार घातली, आणि १६७० मध्यें ते अहमदाबादेहून आपलें ठाणें उठवून येथें आले. ज्या वाटेनें शंभर वर्षांपूर्वीं कापडाच्या गांठी सुरतेस जात, त्याच दिशेनें १७७९ च्या माघ-फाल्गुनांत कुंपणीच्या पलटणी गेल्या. १९९८ सालीं स्वतंत्र झालेल्या नंदुरबार जिल्ह्याचा प्रदेश अशा रीतीनें अमेरिकेंतील उलथापालथीच्या वर्तुळांत येतो. साराटोगाचा पराभव हेस्टिंग्सच्या मनांत सलत होता, फ्रेंचांचें भय त्याच्या डोळ्यांपुढें होतें, आणि त्या दोहोंचा प्रतिकार म्हणून ही फौज आपल्या मुलुखांतून चालली होती.

६. सालबाई: कोणाच्या दबावानें?

पुढील युद्धाचा वृत्तान्त परिचित आहे. १७८० च्या फेब्रुवारींत गॉडर्डनें अहमदाबाद घेतलें, ऑगस्टांत पॉपहॅमनें ग्वाल्हेर घेतलें, डिसेंबरांत वसई पडली. उलटपक्षीं पुणेंकर, निजाम, हैदर व नागपूरकर यांचा इंग्रजांविरुद्ध संघ जमला. मार्च १७७९ मध्यें इंग्रजांनीं फ्रेंचांचें माहे बंदर घेतलें होतें. त्याच बंदरांतून हैदरास युद्धसामग्री मिळे. तेव्हां फ्रेंचांवरील तो घाव हैदरानें आपल्यावरचा मानला. जुलै १७८० मध्यें तो कर्नाटकांत उतरला व १० सप्टेंबरास पोलिलूर येथें त्यानें कर्नल बेलीची फौज बुडविली. १७८१ च्या वसंतांत बोरघाटापर्यंत आलेल्या गॉडर्डला हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांनीं पनवेलीकडे मागें रेटलें.

यानंतर १७ मे १७८२ रोजीं सालबाईचा तह झाला. अमेरिकेंत यॉर्कटाउन येथें कॉर्नवॉलिस १९ ऑक्टोबर १७८१ रोजीं शरण गेला; म्हणून त्या पराभवानें खचलेल्या इंग्रजांनीं मराठ्यांशीं तह केला, असें विधान पुष्कळदां ऐकूं येतें. हें विधान तारखांच्या कसोटीस उतरत नाहीं. महादजी शिंदे व कर्नल म्यूर यांच्यामधील करार, ज्यावर पुढें सालबाईचा तह उभारला, तो १३ ऑक्टोबर १७८१ चा आहे, म्हणजे यॉर्कटाउनच्या सहा दिवस अगोदरचा. कार्य कारणाच्या पूर्वीं होत नाहीं, हें न्यायशास्त्राचें पहिलें पाऊल आहे. शिवाय युरोपांतून कलकत्त्यास तातडीची बातमी येण्यास त्या काळीं चार महिने लागत. तेव्हां या दोन तारखांचें सान्निध्य काकतालीय होय.

मग अमेरिकेचा संबंध नाहींच काय? आहे, पण तो एका लढाईचा नसून सबंध युद्धाचा आहे. इंग्लंडची फौज व आरमार अमेरिकेंत, वेस्ट इंडीज बेटांत व जिब्राल्टरास गुंतलें होतें. त्यामुळें हिंदुस्थानास कुमक पुरेशी येईना. डिसेंबर १७८० पासून हॉलंडशींही युद्ध जुंपलें. हेस्टिंग्सची तिजोरी रिकामी होती. फ्रेंच युद्धाच्या निमित्तानें १७७८ पासून त्यानें बनारसच्या चेतसिंगावर सालीना पांच लाखांची जादा मागणी बसविली, आणि तिचें पर्यवसान ऑगस्ट १७८१ च्या उठावांत झालें. एकीकडे हैदर, दुसरीकडे मराठे, समुद्रावर फ्रेंच, आणि खजिन्यांत पैसा नाहीं, अशा अवस्थेंत शिंद्यांशीं जुळवून घेणें त्यास भाग पडलें. अमेरिकेनें सालबाईचा तह घडविला नाहीं. मात्र इंग्रजांच्या पाठीमागची भिंत तिनें काढून घेतली.

तहांतील कलमें पाहिलीं म्हणजे सेंट लुबिनची छाया अखेरपर्यंत रेंगाळलेली दिसते. साष्टी इंग्रजांकडे राहिली. पुरंदरच्या तहानंतर घेतलेला वसईसुद्धां मुलुख पेशव्यांस परत मिळाला. राघोबादादांस दरमहा २५,००० रुपये नेमणूक ठरली. आणि पोर्तुगीजांच्या पूर्वापार वखारींखेरीज अन्य कोणाही युरोपियन राष्ट्राची वखार आपल्या राज्यांत होऊं न देण्याचें पेशव्यांनीं कबूल केलें. पांच वर्षांपूर्वीं चौलास उतरलेल्या एका फ्रेंच गृहस्थास दिलेलें हें उत्तर आहे. भूमि परत मिळाल्याचा आनंद त्या वेळीं पुण्यास मोठा वाटला असेल. परंतु आपल्या बंदरांत कोणास येऊं द्यावें हें ठरविण्याचा अधिकार या कलमानें गहाण पडला. भूमि एका लढाईनें परत घेतां येते. मित्र निवडण्याचें स्वातंत्र्य गेलें म्हणजे तें सहजीं परत येत नाहीं. नानांनीं तहावर मान्यता देण्यास २० डिसेंबर १७८२ पर्यंत विलंब लाविला. हैदर त्याच महिन्याच्या ७ तारखेस वारला होता. हैदर जिवंत असेतों दुसरी सोंगटी पटावर होती. ती गेल्यावर नानांस वाट उरली नाहीं.

७. युद्धाची शेवटली लढाई

अमेरिकेच्या युद्धांतील शेवटच्या मोठ्या झुंजी अमेरिकेंत झाल्या नाहींत, त्या आपल्या पूर्व किनाऱ्यावर झाल्या. फ्रेंच सरदार सुफ्रें यानें १७८२-८३ मध्यें इंग्रज आरमाराशीं पांच लढाया केल्या. त्यांतील शेवटची २० जून १७८३ रोजीं कडलूरसमोर झाली. वस्तुतः तहाच्या प्राथमिक कलमांवर २० जानेवारीसच सह्या झाल्या होत्या. बातमी पोंचण्यास पांच महिने लागले, आणि त्या अवधींत संपलेल्या युद्धापायीं माणसें मेलीं. ३ सप्टेंबर १७८३ च्या पॅरिसच्या तहानें इंग्लंडनें अमेरिकेचें स्वातंत्र्य मान्य केलें. हैदराची कीर्ति मात्र अमेरिकेपर्यंत गेली होती. पेनसिल्व्हेनियाच्या एका लढाऊ जहाजाचें नांव ‘हैदर अली’ असें होतें, व त्यानें ८ एप्रिल १७८२ रोजीं ‘जनरल मंक’ नांवाचें इंग्रजी जहाज पकडलें.

यॉर्कटाउनला शरण गेलेला कॉर्नवॉलिस १७८६ मध्यें गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यास आला. १७९२ सालीं श्रीरंगपट्टणास टिपूनें शरणागति पत्करली तेव्हां त्याच कॉर्नवॉलिसच्या शेजारीं हरिपंत फडक्यांचा तळ होता. दहा वर्षांपूर्वीं ज्या युद्धांत पुणें व म्हैसूर एका बाजूस होतीं, त्या युद्धांतील पराभूत सेनापतीच्या जोडीस पुण्याची फौज म्हैसुरावर चालून गेली. सालबाईच्या कलमाचा परिणाम किती दूरवर पोंचला, हें यावरून कळेल.

८. संग्राहकांस सूचना

या काळचे कागद वाचतांना चार गोष्टी ध्यानांत ठेवाव्या.

पहिली, नांवांची. ‘फरासीस’ म्हणजे फ्रेंच, ‘वलंदेज’ म्हणजे डच, ‘फिरंगी’ म्हणजे बहुधा पोर्तुगीज, आणि ‘टोपीकर’ म्हणजे कोणीही युरोपियन. ‘मुसा’ हें व्यक्तिनाम नसून फ्रेंच गृहस्थाच्या नांवामागें लागणारी पदवी आहे, जसें ‘मुसा बुसी’. ‘मुसा’ दिसतांच कोणी मुसलमान सरदार समजून टिपण करूं नये. ‘विलायत’ शब्दही संदर्भानें घ्यावा. उत्तरेकडील पत्रांत तो इराण-अफगाणिस्तानाकडील मुलुखासही लागतो. ‘पातशहा’ दिल्लीचा कीं युरोपांतील, हेंही तसेंच पाहावें.

दुसरी, सनांची. शुहूर सनाचा आरंभ मृगापासून होतो. म्हणून जूनपासून डिसेंबरपर्यंत त्यांत ५९९ व जानेवारीपासून मेअखेरपर्यंत ६०० मिळवावे. सेंट लुबिन आला तो सन ‘सबा सबैन मया व अलफ’, म्हणजे ११७७. वडगांव व गॉडर्डचें कूच हीं ‘तिसा सबैन’, म्हणजे ११७९, शके १७०० विलंबी संवत्सर. त्यांतील वडगांव पौष वद्यांत व बऱ्हाणपुराहून कूच माघ वद्यांत येतें. हा हिशेब न केल्यास माघांतला कागद १७७८ सालावर जातो, आणि मग बंगालची फौज बुंदेलखंडांत शिरण्यापूर्वींच खानदेशांत दिसूं लागते!

तिसरी, बातमीच्या वेगाची. युरोप-अमेरिकेंतील घटना व पुण्यांतील कृति यांचा कार्यकारणभाव जोडण्यापूर्वीं मध्यें निदान चार महिने सोडावे. कडलूरचें उदाहरण डोळ्यांपुढें ठेवावें.

चौथी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट कागदांच्या निवडीची. संग्राहक राजकीय पत्रें जपतात व हिशेबी कागद रद्दींत टाकतात. गॉडर्डच्या फौजेचे मुक्काम गांववार ठरविण्यास मात्र राजकीय पत्रांपेक्षां देशमुख-देशपांड्यांच्या घरचे हिशेबच अधिक उपयोगी पडतील. शके १७०० च्या माघ-फाल्गुनांतील वैरण, धान्य, गाड्या, बैल, नदीचा उतार, वाटाडे व जकात यांच्या नोंदी, एकाएकीं चढलेला ज्वारीचा भाव, एरवीं न दिसणारें नाणें, असें कांहीं आढळल्यास तो रुमाल वेगळा काढावा, त्यावरील गांव, परगणा व सन नोंदावा, व नक्कल करून आपल्या मंडळाकडे पाठवावी. नंदुरबार, नवापूर, शहादें, तळोदें, शिरपूर, थाळनेर या भागांतील घराण्यांनीं हें काम मनावर घ्यावें. वाळवी वर्षानुवर्षें आपलें काम करीत आहे. तिला शकसंवत्सराची वाट पाहावी लागत नाहीं.

‘अमेरिका’ हें नांव आपल्या मोडी कागदांत शोधीत बसण्यांत अर्थ नाहीं. शोधावयाचे ते तिच्या उलथापालथीचे परिणाम. बोस्टनच्या बंदरांत चहा बुडाला, साराटोगाच्या रानांत एक फौज शरण गेली, आणि त्याचा हिशेब तापीकांठच्या एखाद्या पाटलानें बैल व कडबा यांच्या रूपानें लिहून ठेविला असेल. तो हिशेब हातीं लागेल तेव्हां मराठ्यांच्या इतिहासांतील एका प्रसंगाची वाट खानदेशापुरती तरी पायाखालची होईल. अलं विस्तरेण.